जांब, चीज आणि पाण्याचा हिशेब

परतूरहून एका ताईंनी विचारलं आहे. फेब्रुवारीत मुलीचा पहिला वाढदिवस आहे, घरचीच 35 माणसं. जेवण घरीच, त्यामुळे दोन्ही शेगड्या सकाळपासून पुरणात आणि भाजीत अडकलेल्या. पानं मांडेपर्यंत पाहुण्यांच्या हातात काहीतरी द्यायचं आहे, गॅस न पेटवता, ताज्या फळांचं आणि चीजचं. मागे एकदा त्यांनी द्राक्षं आणि चीजच्या काड्या करून पाहिल्या होत्या. तासाभरात ताटात पाणी झालं, चीज बुळबुळीत झालं आणि दुसऱ्यांदा कुणी हात लावला नाही. तर चीज कोणतं घ्यावं, फळं कोणती आणि किती आधी करून ठेवावं?

ताई, तुमचं चीज चुकलं नव्हतं, द्राक्षंही चुकली नव्हती. घोळ पाण्याने घातला. संभाजीनगरात केटरिंग करून मला आता 19 वर्षं झाली, आणि न शिजवता करायच्या पदार्थात माझं निम्मं लक्ष चवीकडे असतं, निम्मं पाण्याकडे. शिजवताना पाणी आटतं, आपल्याला त्याचा विचार करावा लागत नाही. इथे आटवायला आचच नाही. फळ कापलं की त्याचा रस सुटायला लागतो, आणि मीठ लागलं की आतलं पाणी ओढून बाहेर येतं. कोशिंबिरीत काकडीला आधी मीठ लावलं की वाटीत काय होतं ते आपण रोज बघतो. चीजमध्ये मीठ असतंच. म्हणजे फळाचा कापलेला, ओला भाग चीजला टेकवून ठेवला तर तीच कोशिंबीर सुरू झाली समजा.

हे मी शिकले ते फजिती होऊन. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, एका साखरपुड्याचं काम होतं. टरबुजाच्या आणि पनीरच्या चौकोनी फोडी, वरून काळं मीठ, लिंबू, पुदिना. दिसायला इतकं सुंदर की मी कौतुकाने तीन तास आधीच पराती सजवून ठेवल्या. टरबुजात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच, त्यात मीठ, त्यात बाहेर 41-42 चा पारा. झाकण काढलं तर परातीत गुलाबी तळं आणि त्यात तरंगणारं पनीर. नवऱ्या मुलाच्या मामांनी डाव मागितला आणि शांतपणे विचारलं, "बाई, हे सरबत ग्लासातच द्यायचं ना?" मी हसले, पण त्या दिवसापासून मीठ ताट बाहेर निघताना, त्याआधी एक चिमूटही नाही.

आता चीजचं बघू. परतूरच्या डेअरीत तुम्हाला तीन गोष्टी नक्की मिळतील: क्यूब किंवा ब्लॉकमधलं प्रोसेस्ड चीज, पनीर आणि चांगलं दही. एवढ्यावर काम होतं. फेटा, मोझरेला असल्या परदेशी चीजसाठी कुणाला संभाजीनगरला पिटाळू नका.

क्यूबचं चीज घट्ट असतं, खारट असतं, चार तुकडे केले तरी कडा मोडत नाहीत. ते बनवताना चीज वितळवून त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखे क्षार घालतात, त्यामुळे आतलं लोणी आणि पाणी एकमेकांना धरून राहतं. म्हणून ते चटकन पाझरत नाही. एक क्यूब साधारण 25 ग्रॅमचा, चार तुकडे केले की काडीला बरोबर. मात्र पाकीट उलटून घटक वाचा. दुधाच्या ऐवजी वनस्पती तेल लिहिलेलं असेल, 'ॲनालॉग' असा शब्द असेल, तर ते ठेवून द्या. पिझ्झ्यावर वितळवलं की ते खपून जातं, पण कच्चं खाताना टाळूला मेणाचा थर बसतो आणि फळाची चवच लागत नाही.

हिरवा ठिपकाही बघून घ्या. आपल्याकडच्या नेहमीच्या चीजमध्ये दूध गोठवायला प्राण्यांचं रेनेट वापरत नाहीत, पण परदेशातून आलेल्या काही चीजमध्ये, पार्मेझानमध्ये तर हमखास, वासराच्या पोटातलं रेनेट असतं. जालना-संभाजीनगर पट्ट्यात कुठल्याही कार्यक्रमात दोन-चार जैन घरं असतात आणि माळकरीही असतात. कुणी पुण्या-मुंबईहून हौसेने भारी चीज घेऊन आलं तर आधी पाकीट बघा, मग ताटात ठेवा.

पनीरची अडचण वेगळी. ते अळणी असतं. गोड फळाजवळ अळणी पनीर म्हणजे तोंडात काहीच घडत नाही, नुसता चावा. यावर माझा एक साधा इलाज आहे. आदल्या रात्री एक लिटर पिण्याच्या पाण्यात 50 ग्रॅम मीठ विरघळवायचं, हवे तर चार मिरे ठेचून घालायचे, आणि पनीरच्या बोटभर जाड वड्या त्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवायच्या. सकाळी काढून स्वच्छ पंच्यात गुंडाळून वर पोळपाट ठेवायचा, अर्धा तास. मीठ आतपर्यंत शिरलेलं असतं आणि पनीरही घट्ट होतं. ग्रीक लोकांचा फेटा मेंढीच्या दुधाचा, आणि तो किमान दोन महिने मिठाच्या पाण्यात मुरतो. आपलं एका रात्रीचं पनीर त्याच्या पासंगाला पुरणार नाही, पण फळाबरोबर खाताना कामाची गोष्ट मीठ असते, आणि ते आलेलं असतं. पनीर पॅकबंद घ्या. आपण ते शिजवणार नाही, त्यामुळे उघड्यावर ठेवलेलं सुटं पनीर इथे नको, आणि घरात कुणी गरोदर असेल तर अजिबात नको.

फळांत फेब्रुवारीला तुमचे दोन घोडे: द्राक्षं आणि जांब. जांब म्हणजे पेरू हे पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे पेरू म्हटलं की पोरं पोपटाकडे बघतात.

चीजबरोबर जांब म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण आपण दौलताबादच्या किल्ल्याखाली गाडी थांबवून जांब घेतो तेव्हा तो विकणारी बाई काय करते? चार चिरा देते आणि आत तिखट-मीठ भरते. गोड, आंबूस फळाला खारट जोड, हेच तर चीजनेही करायचं असतं. ब्राझीलमध्ये जांबाची घट्ट वडी आणि पांढरं ताजं चीज एकत्र खातात, आणि त्या जोडीला 'रोमियो-ज्युलिएट' म्हणतात. एवढी ती जोडी तिकडे ठरलेली आहे. मला हे कळलं तेव्हा मी दहा वर्षं आधीच जांब-पनीर विकत होते, त्यामुळे जरा भाव खाल्ला.

जांब घेताना हाताला घट्ट, देठाकडे किंचित हिरवट आणि बाकी पिवळसर होत आलेला बघा. फोमच्या जाळीत येतात ते मोठे, पांढऱ्या गराचे जांब करकरीत असतात, बिया कमी, कापायला सोपे, पण वासाला थंड. आपला जुना सरदार, पुण्याच्या गणेशखिंडच्या केंद्रात निवडलेला वाण, त्याला एल 49 म्हणूनही ओळखतात, तो वासाला राजा आहे, पण पिकला की मऊ पडतो. मी दोन्ही घेते. करकरीताची होडी करते आणि सरदारचा गर वर लावायला. 35 माणसांना दोन किलो करकरीत आणि अर्धा किलो पिकलेले पुरतात.

होडी म्हणजे काय ते नीट सांगते, कारण सगळी करामत तिच्यात आहे. जांब उभा चिरून चार भाग, मग प्रत्येकाचे दोन. आतला बियांचा मऊ भाग सुरीच्या टोकाने एका हालचालीत कापून काढा, म्हणजे खाली सालीची, पाव इंच जाड गराची लांबट खोलगट फोड उरते. ती होडी. तिला काडी लागत नाही, बोटांनी उचलता येते, आणि दातात बिया अडकत नाहीत म्हणून म्हातारी माणसंही खातात. होड्या कापल्या की सुती फडक्यावर पालथ्या घालायच्या, दहा मिनिटं. फडक्यावर ओले डाग उमटलेले दिसतील. ते पाणी तुमच्या ताटात येणार होतं.

काढलेला बियांचा भाग टाकू नका. पिकलेल्या सरदारचा गर त्यातच मिसळून पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून दाबून काढा, बिया वर राहतात. खाली आलेल्या दाट गरात थोडा किसलेला गूळ, लिंबाचे चार थेंब, लाल तिखट. मीठ नाही. झाली आपली न शिजवलेली वडीची बहीण. पाहुणे यायच्या आधी होडीत या गराचा बोटभर लेप, त्यावर खारवलेल्या पनीरचा लुडोच्या फाशापेक्षा जरा मोठा तुकडा, त्यावर पुदिन्याचं एक लहान पान. लेप दाट असतो म्हणून पनीर घसरत नाही. तिखट-मिठाची चिमूट अगदी शेवटी, परात उंबऱ्याबाहेर पडताना. 70 होड्यांना अर्धा किलो पनीर लागतं.

एका माणसामागे दोन होड्या आणि दोन काड्या, एवढंच धरा. पुढे पुरणाचं जेवण आहे. जास्त केलं की पाहुणे इथेच जेवून घेतात आणि पुरणपोळी उरते, आणि तो दोष तुमच्या माथी येतो.

द्राक्षांच्या काड्या आता. तुमच्या मागच्या वेळच्या गोंधळात दोन कारणं असावीत: द्राक्षं ओली असणार, आणि बहुतेक तुम्ही ती अर्धी कापली होती. काडीसाठी द्राक्ष अख्खं ठेवा. साल शाबूत असेल तोवर आतलं पाणी आत राहतं, हेच द्राक्षाचं या कामातलं मोठेपण. आदल्या संध्याकाळी घडातून कात्रीने सोडवा, देठाचा तुकडा राहू दे, ओढून तोडलं की तिथे तोंड उघडं पडतं. फवारणीचं द्राक्ष असतं, म्हणून पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून दहा-पंधरा मिनिटं बुडवा, मग दोन पाण्यांनी धुवा आणि पंख्याखाली पंच्यावर पसरा. रात्रभर कोरडी झाली पाहिजेत. देठ सकाळी काडी लावताना काढायचा. एक किलो द्राक्षं आणि 18 क्यूब, म्हणजे 450 ग्रॅम चीज, यात 70 काड्या होतात: द्राक्ष, चीज, द्राक्ष.

काडी टोचतो तेव्हा द्राक्षाला भोक पडतंच आणि तिथून थोडा रस येणारच. त्यासाठी द्राक्ष आणि चीज यांच्यामध्ये पुदिन्याचं पान घडी करून घाला. शोभेचं वाटतं, पण ते पडद्याचं काम करतं. पान नसेल तर चीजचा तुकडा भाजलेल्या तिळात किंवा शेंगदाण्याच्या भरड कुटात एका बाजूने दाबून घ्या. मला स्वतःला कुटाचा प्रकार जास्त आवडतो, खाताना करकर लागते आणि घरच्यांना ओळखीचं वाटतं.

धुण्याच्या पाण्याबद्दल एक शब्द. न शिजवता खायचं आहे, तर फळं ज्या पाण्याने धुता ते पिण्याचंच हवं. टँकरचं पाणी भांड्यांना ठीक, शेवटचा हात मात्र फिल्टरच्या पाण्याचा. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात त्या भागातली कामं करताना मी कापलेलं फळ मेनूतून काढूनच टाकलं होतं. सोलून खायची केळी आणि संत्री ठेवली. पाण्याची खात्री नसेल तर तेच करावं.

तिसरा प्रकार हवाच असेल तर चक्का. एक किलो दाट दही फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, खाली भांडं, आणि सगळं फ्रीजमध्ये रात्रभर. बाहेर टांगलं तर सकाळपर्यंत आंबट होतं. 400 ग्रॅमच्या आसपास चक्का मिळतो. शहरात क्रीम चीज म्हणून जे डबीत विकतात त्याचं काम हा करतो, तेही निम्म्याहून कमी पैशात. यात साखर घालायची नाही, हात श्रीखंडाकडे वळेल, आवरा. मीठ, मिरपूड आणि वर कारळाची चटणी. पांढऱ्या चक्क्यावर काळी चटणी, बाजूला जांबाच्या आणि सफरचंदाच्या फोडी, बुडवून खायच्या. जैन पाहुण्यांसाठी चटणी बिनलसणाची. सफरचंद काळं पडू नये म्हणून फोडी लिटरभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून पाच मिनिटं बुडवा, निथळा, पुसा. लिंबू लावूनही चालतं, पण मग सगळ्याला लिंबाचीच चव.

चक्का आणि पनीरबरोबर अननस, किवी, कच्चट पपई आणि ताजं अंजीर आधीपासून लावून ठेवू नका. या फळांमध्ये दुधातलं प्रथिन तोडणारी द्रव्यं असतात. पपईने मटण मऊ होतं ना, तोच प्रकार. तासाभरात चक्का पातळ होतो आणि कडवट लागतो, आणि तुम्ही दह्याला दोष देत बसता. एका वाढदिवसाला माझ्या मदतनीस मुलाने अननसाच्या चकत्यांवर चक्का सकाळीच लावून ठेवला होता. दुपारी चाखला तर कडू काढा. तेव्हापासून अननस आमच्याकडे फक्त घट्ट क्यूबच्या चीजबरोबर जातो, तोही टोचल्या टोचल्या.

तुम्ही जालना जिल्ह्यातल्या, तेव्हा मोसंबी वापरायचा मोह होईल. नको. फोड सोलली की ती टपकायलाच लागते. मोसंबीचा रस काढून प्यायला द्या, उत्तम. स्ट्रॉबेरी मिळाली तर अख्खी ठेवा, हिरवी टोपी न काढता, आणि चीज शेजारी. कापलेली स्ट्रॉबेरी सगळं ताट लाल करते.

वेळेचं गणित तुमच्या एक वाजताच्या पंगतीवरून मांडते. आदल्या रात्री पनीर मिठात, दही फडक्यात, द्राक्षं पंख्याखाली. सकाळी नऊला चीजचे तुकडे करून कोरड्या डब्यात, थरांमध्ये कागदी रुमाल, फ्रीजमध्ये. पनीर पंच्यात दाबायला. साडेअकराला जांब कापायला दोन बायका बसवा, होड्या पालथ्या. बाराला काड्या टोचा, सव्वाबाराला होड्या भरा. साडेबाराला पहिली परात बाहेर. सगळं एकदम बाहेर काढू नका, निम्मं फ्रीजमध्ये राहू दे आणि पहिली परात रिकामी होत आली की दुसरी. फ्रीज पुरणाच्या आणि दुधाच्या भांड्यांनी भरलेला असतो हे मला माहीत आहे. मग थर्माकोलच्या पेटीत तळाला बर्फाच्या पिशव्या, वर जाळी, जाळीवर डबे. बर्फ पिशवीत बांधलेलाच हवा, नाहीतर पुन्हा आपलं पाणी आलंच.

बाहेर काढलेलं ताट दोन तासांच्या वर ठेवायचं नाही. हवा 32 अंशांच्या वर गेली असेल तर एकच तास. परदेशी लोक चीज खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवतात, थंडीत त्याचा वास बंद असतो म्हणून. गोष्ट खरी आहे, पण ती त्यांच्या हवेची. आमच्याकडे फ्रीजमधून काढून दिवाणखान्यात नेईपर्यंत तो अर्धा तास आपोआप होतो.

वाढदिवस एक वर्षाच्या मुलीचा आहे, तिच्या वयाची आणखी पोरं येणार. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकतं, त्यांच्यासाठी उभे चार तुकडे करून वेगळ्या वाटीत, काडीशिवाय. पाच वर्षांखालच्या कुणाच्याही हातात टोकदार काडी नको. आणि काही जण अशा पदार्थावर मधाची धार सोडतात, दिसते छान, पण वर्ष न भरलेल्या बाळाला मध चाटवू देऊ नका, एखादी आजी हौसेने बोट लावतेच. मी अशा कार्यक्रमात मध ठेवतच नाही, गुळाचा लेप आहे की.

आजी-आजोबा म्हणतील, दुधाचं आणि फळाचं एकत्र करू नये, विरुद्ध आहार होतो. आयुर्वेदात दूध आणि आंबट फळ एकत्र नको असं सांगितलेलं आहेच, त्यांच्याशी वाद घालत बसू नका. शिकरण कसं चालतं हे विचारायचा मोह मलाही होतो, विचारत नाही. एक ताट नुसत्या जांबाच्या होड्यांचं, तिखट-मीठ लावून, बिनपनीरचं. मला अनुभव असा की अर्ध्या तासाने आजोबाच पनीरवाली होडी मागून घेतात, पण ती त्यांनी मागितलेली असते. एकादशी त्याच दिवशी आली असेल तर आणखी एक विचारून घ्या: उपासाला पनीर कुणाकडे चालतं, कुणाकडे नाही. तीळ-कुटाचंही तसंच.

परात स्टीलची घ्या, पितळेची कल्हई नसलेली नको, लिंबू-चीज कळकतं. खाली केळीचं पान पसरा, पान पुसून, कोरडं. होड्या पानावर बसतात, घसरत नाहीत, आणि जे काही दोन थेंब सुटतील ते शिरांमधून कडेला जातात. अर्धापूरची केळी प्रसिद्ध आहेत, पण पान तर तुमच्या गल्लीतही कुणाच्या तरी परसात असेलच.

हा प्रकार एकदा हाताला बसला की मोसम बदलला तरी चालतो. 2016 साली जालन्याच्या मोसंबीबरोबरच बीडच्या सीताफळाला आणि मराठवाड्याच्या केसर आंब्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आपल्याला फळांची उणीव नाही. केसर घट्टसर असताना, पूर्ण पिवळा व्हायच्या आधी, खारवलेल्या पनीरबरोबर फार छान लागतो. इटलीच्या काप्री बेटावरून आलेला टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीसारख्या बेसिलच्या पानांचा प्रकार आहे, तसंच पण टोमॅटोच्या जागी आंबा. पूर्ण पिकलेला केसर मात्र चक्क्यात घालून आम्रखंड करून टाका, त्याला काडीवर चढवणं म्हणजे त्याचा अपमान. सीताफळाचं काडीशी जमत नाही. त्याचा गर हाताने बिया काढून चक्क्यात हलकेच मिसळा, वाटीत द्या. मिक्सर लावू नका, एखादी बी फुटली तरी सगळं कडू, आणि त्या बिया पोटात जाण्यासारख्या नसतात. अंजीर दौलताबादच्या बाजूने येतं तेव्हा घ्या, चार चिरा देऊन फुलासारखं उघडा आणि चीजचा तुकडा समोर पाहुणे बसल्यावरच आत ठेवा, वर सांगितलेल्या कारणासाठी.

टरबुजाचं विचारलं नाहीत, पण एप्रिलमध्ये विचाराल. चौकोनी फोडी चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा, पनीर वेगळ्या वाटीत, मीठ डबीत. पाहुण्याने स्वतः टोचून घ्यावं.

उरलेल्या काड्यांचं सांगून थांबते. दोन तास बाहेर राहिलेलं फेकायचं, त्यात हळहळ नको. फ्रीजमधलं जे बाहेर आलंच नाही, त्यातली द्राक्षं काढून पोरांना द्या, आणि चीज दुसऱ्या दिवशी सकाळी धपाट्याच्या पिठात किसून घाला. त्यासाठी मात्र गॅस लावावा लागेल.